कीर्दवहीचें माप

एखादें माप चुकीचें आहे असें कळल्यावर तें दुरुस्त करावें, ह्याविषयीं कोणाचा मतभेद असणार नाहीं. मतभेद होतो तो पुढच्या प्रश्नाविषयीं. त्या चुकीच्या मापावर विसंबून ज्यांनीं घरें बांधिलीं, दारें बसविलीं, त्यांचें काय करावयाचें? सुधारणेचा कैवारी म्हणतो, माप खोटें होतें, तेव्हां दारें तोडा. जुन्याचा अभिमानी म्हणतो, दारें बसलीं आहेत, तेव्हां खोटें मापच खरें माना. हा तंटा आपल्या समाजांत नवा नाहीं, आणि तो बहुधा आवाज चढवून मिटविण्यांत येतो, म्हणजे मिटतच नाहीं. ह्या महिन्यांत आम्ही वाचकांस ह्याच तंट्याचें एक उदाहरण सांगणार आहों. तें धर्मशास्त्रांतलें नाहीं कीं राजकारणांतलें नाहीं; तें संगणकाच्या पोटांतलें आहे. तेथील कारागिरांनीं तो तंटा ज्या रीतीनें मिटविला, ती रीत आम्हांस विचार करण्याजोगी वाटली.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचे मुलगे-मुली आज संगणकाच्या कामावर आहेत. कोणी पुण्यांत, कोणी बंगळुरास, कोणी समुद्रापलीकडे. त्यांस ‘तुझें काम तरी काय?’ असें विचारलें तर ‘तुम्हांला सांगून कळणार नाहीं’ असें उत्तर मिळतें. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. जी गोष्ट सांगून कळत नाहीं ती सांगणाऱ्यासच पुरती कळलेली नसते, असा वर्गांत उमर घालविलेल्या आमच्यासारख्यांचा अनुभव आहे. शिवाय प्रस्तुत विषयास जें पूर्वज्ञान लागतें तें आपल्या आजोबांपाशीं होतेंच. तें म्हणजे कीर्द आणि खतावणी.

पेढीवर व्यवहार झाला कीं तो प्रथम कीर्दींत लिहावयाचा, जसा झाला तसा, वेळेच्या क्रमानें. मग सवडीनें तो कीर्दीवरून खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा. खतावणी चढवितांना मध्येंच दिवा मालवला, रक्कम एका खात्यांतून वजा झाली आणि दुसऱ्या खात्यांत जमा व्हावयाची राहिली, तरी घाबरण्याचें कारण नसतें. सकाळीं कीर्द उघडावी, शेवटच्या पुऱ्या नोंदीपर्यंत पुन्हा खतावणी करावी, हिशेब जुळतो. कीर्दींतीलच नोंद अर्धवट राहिली असेल, तर तो व्यवहार झालाच नाहीं असें समजावें.

संगणकाच्या डिस्कवर आपलीं पत्रें, छायाचित्रें, हिशेब असतात. कोणता मजकूर डिस्कच्या कोणत्या भागांत आहे, किती जागा रिकामी आहे, ही सर्व खतावणी संभाळणाऱ्या व्यवस्थेस फाइलसिस्टीम म्हणतात. वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं, म्हणून चांगल्या फाइलसिस्टीमपाशीं एक कीर्दही असते. तिला कोणी जर्नल म्हणतात, कोणी लॉग. आम्ही तिला कीर्दच म्हणूं.

आमचें उदाहरण एक्सएफएस नांवाच्या फाइलसिस्टीमचें आहे. अमेरिकेंतील सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनें १९९३ सालीं तिची आखणी आरंभिली, आणि १९९४ सालीं ती त्या कंपनीच्या आयरिक्स ह्या प्रणालीबरोबर बाहेर पडली. पुढें ती लिनक्स ह्या सर्वांस खुल्या असलेल्या प्रणालीकरितां देण्यांत आली व २००२ सालीं लिनक्सच्या मुख्य संग्रहांत दाखल झाली. २०१४ सालीं रेड हॅट कंपनीनें संस्थांकरितां काढलेल्या आपल्या सातव्या आवृत्तींत, निराळें कांहीं मागितलें नाहीं तर हीच फाइलसिस्टीम मिळावी, असें ठरविलें. तेव्हां वाचकांनीं तिचें नांव ऐकलें नसलें, तरी त्यांचा एखादा कागद तिच्या खतावणींत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आतां डिस्कवरची कीर्द पेढीवरच्या कीर्दीहून एका बाबतींत निराळी आहे. पेढीवरची वही संपली कीं नवी आणतां येते. डिस्कवरची कीर्द मांडणीच्या वेळीं एकदांच ठराविक पानांची बांधली जाते, आणि तिचीं पानें वर्तुळाकार फिरतात. शेवटचें पान भरलें कीं लेखणी पुन्हा पहिल्या पानावर येते. परंतु त्या पानावरील नोंदी खतावणींत चढल्या असतील तरच तें पान पुसतां येतें. म्हणून कोणताही व्यवहार सुरू करण्यापूर्वीं ‘मला जास्तींत जास्त इतकी जागा लागेल’ असें सांगून तेवढीं पानें राखून ठेवावीं लागतात. मोठा व्यवहार एका दमांत होत नाहीं. तो कांहीं पाळ्यांनीं पुरा होतो, आणि त्या सर्व पाळ्यांची जागा आरंभींच धरावी लागते.

कीर्द फारच लहान असेल तर? तर एक व्यवहार जागेसाठीं थांबतो, जागा मोकळी करून देणारें कामही जागेसाठींच थांबतें, आणि सगळा कारभार जागच्या जागीं थिजतो. हें टाळण्यासाठीं कीर्दीस एक किमान माप ठरविलेलें आहे. एका पाळीस लागणारी जागा घ्यावयाची, तिला पाळ्यांच्या संख्येनें गुणावयाचें, असा सर्वांत मोठा व्यवहार कोणता तें शोधावयाचें, आणि त्याची तिप्पट करून वर थोडी भर घालावयाची. डिस्क जोडतांना संगणकाचा मूळ कारभारी हा हिशेब स्वतः करून पाहतो. ह्या कारभाऱ्यास कर्नल म्हणतात. सैन्यांतील कर्नलाशीं त्याचा संबंध नाहीं. मांडणी पांचव्या आवृत्तीची असून कीर्द किमान मापाहून लहान निघाली, तर तो आपल्या ‘अगाई गं’च्या जातीचा एक उद्गार नोंदवितो आणि डिस्क उघडण्याचें साफ नाकारतो. ही आमची थट्टा नव्हे. ती किंकाळी त्याच्या बाडांत अक्षरशः लिहिलेली आहे.

२०१६ सालीं एक्सएफएसमध्यें दोन नव्या सोयी आल्या. डिस्कवरील अमुक तुकड्याचा धनी कोण, हें उलट दिशेनें सांगणारी एक सूची. आणि एकच मजकूर दोन ठिकाणीं हवा असेल तर दोघांनीं डिस्कवरील एकच जागा वांटून घेण्याची मुभा. ह्यामुळें एका व्यवहारांत लिहावयाच्या गोष्टी वाढल्या. काम नवें, अनुभव थोडा. जागा कमी पडूं नये म्हणून कारागिरांनीं हात सैल सोडून अंदाज बांधला. वांटणीची मुभा असलेल्या डिस्कवर मोठ्या लेखनव्यवहारास ८ पाळ्या धरल्या. उलट सूची झाडाप्रमाणें पायऱ्यापायऱ्यांनीं वाढते. डिस्कचा विभाग कितीही लहान असो, तिची उंची ९ पायऱ्या धरली. शंभर पानांचा स्वयंपाक प्रथमच करणारा आचारी दीडशें पानांचा शिधा काढून ठेवतो, तसाच हा प्रकार.

पुढें अनुभवानें कळून आलें कीं ८ पाळ्या लागत नाहींत. लागत नाहींत तर नाहींत, बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जादा शिध्याची किंमत रोज द्यावी लागते. प्रत्येक व्यवहार नको तेवढीं पानें अडवून बसतो आणि मागचे रांगेंत तिष्ठतात. म्हणून २०२२ सालीं, लिनक्सच्या ५.१९ ह्या आवृत्तीच्या वेळीं, हा आंकडा उतरविण्याचें ठरलें. ज्या कारागिरानें तो मूळ घातला होता त्यानेंच तो उतरविला, हें त्याला भूषणावह आहे.

पण येथेंच तो आरंभीचा तंटा उभा राहिला. पाळ्यांची संख्या रोजच्या कामास लागते तशीच ती किमान मापाच्या हिशेबांतही लागते. एक घटविली कीं दुसरेंही आपोआप घटतें. थोडे आंकडे मांडून पाहूं. समजा, एका पाळीस १०० किलोबाइट जागा लागते. ८ पाळ्यांचे ८००, त्याची तिप्पट २४००. हें जुनें किमान माप. आतां समजा ५ पाळ्या पुरतात. ५ पाळ्यांचे ५००, त्याची तिप्पट १५००. हें नवें किमान माप. नव्या साधनानें कोणी एक लहानशी डिस्क मांडली आणि तिची कीर्द १६०० किलोबाइटांची बांधली. नवा कर्नल म्हणतो, १५०० पुरे होते, हिच्यापाशीं १६०० आहेत, ठीक आहे. तीच डिस्क उद्यां जुन्या संगणकास जोडली, किंवा संकटाच्या वेळीं हाताशीं असलेल्या जुन्या दुरुस्तीच्या साधनानें उघडूं गेलें, तर तेथील जुना कर्नल २४०० मागतो आणि किंकाळी फोडून दार लावतो. डिस्क धडधाकट, मजकूर शाबूत, पण घरांत प्रवेश नाहीं.

उलट बाजूही तितकीच वाईट. कांहीं दुरुस्तीमुळें किमान माप घटण्याऐवजीं वाढलें, तर जुन्या साधनांनीं पूर्वीं मांडलेल्या डिस्का नवा कर्नल नाकारूं लागेल. काल सुरळीत चालणारा संगणक आज नवी आवृत्ति चढवितांच आपलेंच दप्तर ओळखीनासा होईल. म्हणजे माप वाढवावें तर जुने धनी घराबाहेर, घटवावें तर नवे धनी जुन्याच्या दाराबाहेर. मोठ्या डिस्कांना ह्याची झळ फारशी लागत नाहीं, कारण त्यांची कीर्द किमान मापाहून पुष्कळच मोठी असते. जाच होतो तो किमानाच्या कांठावर उभ्या असलेल्या लहानांना. मापें बदललीं कीं भार बहुधा लहानांवरच येतो, हें येथेंही दिसून येतें.

कारागिरांनीं काढलेली तोड अशी. त्यांनीं दोन कोष्टकें केलीं. एक रोजच्या कामाचें. त्यांत पाळ्यांचा दुरुस्त, खरा आंकडा. दुसरें छायेचें, त्यांत पूर्वींचे ८ आणि पूर्वींचे ९ जसेच्या तसे. व्यवहारासाठीं पानें राखावयाचीं तीं पहिल्या कोष्टकावरून. कीर्दीचें किमान माप काढावयाचें तें दुसऱ्यावरून. छायेचें कोष्टक प्रत्यक्ष कामांत कदापि वापरावयाचें नाहीं, असा स्पष्ट निर्बंध त्याच्याजवळच लिहून ठेवला. पुढें कोणी व्यवहाराचे आंकडे आणखी सुधारले तर त्यानें छायेच्या कोष्टकांत ती सुधारणा उलटी फिरवून ठेवावी, म्हणजे किमान माप हलणार नाहीं. रोजचें काम हलकें झालें, आणि एकाही डिस्कचें दार बंद झालें नाहीं.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस ही युक्ति ऐकून ओळखीचें माणूस भेटल्यासारखें वाटेल. पाणिनीच्या व्यवस्थेंत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्या निमित्तानें होणारें कार्य राहूं शकतें. ‘मरुत्’ ह्या शब्दाच्या प्रथमेचें एकवचन पहा. विभक्तीचा प्रत्यय तेथें लोप पावतो. तो कानाला ऐकूं येत नाहीं, डोळ्याला दिसत नाहीं. तरी त्या रूपास ‘पद’ ही संज्ञा मिळते, कारण प्रत्यय येऊन गेला आहे हें शास्त्र विसरत नाहीं. ८ पाळ्यांचेंही तसेंच झालें. कामांतून त्यांचा लोप झाला, पण त्यांच्यामुळें ठरलेलें माप राहिलें. आणि पाणिनि ही सवलत सरसकट देत नाहीं. ती कोठें चालत नाहीं हेंही तो सांगून ठेवतो. छायेचें कोष्टक कामांत आणूं नये हा निर्बंध त्याच जातीचा आहे.

इतकी खबरदारी खरोखर हवी होती काय? ह्याचें उत्तर एक्सएफएसच्याच इतिहासांत आहे. मोकळ्या तुकड्यांची एक लहान राखीव यादी डिस्कच्या प्रत्येक विभागांत असते. ती सामान्यतः ५१२ बाइटांच्या एका चौकटींत बसते. पांचव्या आवृत्तींत आरंभींचें शीर्षक ३६ बाइटांचें, आणि प्रत्येक नोंद ४ बाइटांची. ५१२ मधून ३६ वजा जातां ४७६. त्यास ४ नें भागतां ११९ नोंदी. परंतु ६४ बिटांचीं यंत्रें सोयीसाठीं शीर्षक ४० बाइटांचें धरीत. ५१२ मधून ४० गेले, राहिले ४७२, नोंदी ११८. एकच चौकट, एका यंत्राच्या मतें ११९ घरांची, दुसऱ्याच्या मतें ११८ घरांची.

२०१६ सालीं हा घोळ निस्तरण्यांत आला, आणि सर्वांनीं ११९ च धरावें असें ठरलें. गणित अगदीं निर्दोष. परंतु ११८ धरून वर्षानुवर्षें लिहिलेल्या याद्या तर डिस्कांवर होत्याच. ही यादीही वर्तुळाकार फिरते. ती शेवटच्या घरावरून पहिल्या घराकडे वळलेली असतांना एका मोजणीचा कर्नल जाऊन दुसऱ्या मोजणीचा आला, कीं दोघांच्या हिशेबांत एका नोंदीचा फरक पडे. यादीच बिघडली असें समजून तो कारभार बंद करी. बिघडलें कांहींच नव्हतें. मोजणारा बदलला होता. पुढें २०१८ सालीं उपाय झाला: असा फरक दिसतांच कर्नलनें ती यादी सोडून द्यावी, नवी सुरू करावी, आणि धन्यास तशी सूचना द्यावी. त्यांत कांहीं तुकडे बेवारशी होत, आणि दुरुस्तीचें साधन चालवीपर्यंत ते परत मिळत नसत. एका घराच्या दुरुस्तीचा हा फेडा. छायेच्या कोष्टकाची खबरदारी शहाणपणाची कां, हें ह्यावरून कळेल.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं जुनें माप राखणें हा प्रत्येक वेळचा उपाय नव्हे. लिनक्समधील एक्स्ट४ ह्या दुसऱ्या फाइलसिस्टीमच्या कीर्दींत नोंद शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पडताळ्याचा आंकडा लिहितात. त्याच्या दुसऱ्या पद्धतींत नोंदीच्या चिठ्ठीचें माप काढणारें सूत्रच वाजवीहून मोठें उत्तर देई, आणि पडताळ्याच्या ३२ बिटांपैकीं १६ च चिठ्ठींत मावत. येथें जुनी चिठ्ठीच अपुरी होती. ती राखून दोष जाणार कसा? म्हणून २०१४ सालीं तिसरी पद्धति निराळ्या नांवानें व निराळ्या खुणेनें काढली. चिठ्ठी १६ बाइटांची झाली, आणि त्यामुळें वाढणारा जागेचा खर्च फार तर ०.१ टक्का भरला. जुन्या कर्नलला ती खूण ओळखतां येत नाहीं, म्हणून तो चुकीचा अर्थ लावीत न बसतां सरळ बाजूला होतो. नव्या कर्नलला मात्र जुनी पद्धतिही वाचतां येते. जुन्याच्याच नांवाखालीं नवा अर्थ खपवावयाचा नाहीं, हें येथलें मर्म.

ह्यावर आमचे कांहीं चोखंदळ वाचक विचारतील, कीं खोटा ठरलेला आंकडा सांभाळून ठेवणें म्हणजे असत्यालाच आश्रय देणें नव्हे काय? शंका रास्त आहे. छायेच्या कोष्टकास खर्चही आहे. बाड लांबतें, नव्यानें कामास आलेला उमेदवार ‘हे ८ येथें कशाला?’ म्हणून चक्रावतो. आणि कारण लिहून ठेवलें नसेल तर तो साफसफाईच्या उत्साहांत ते खोडूनही टाकील. म्हणून कारण लिहून ठेवणें हा ह्या युक्तीचा अर्धा भाग आहे. परंतु तो आंकडा असत्य नव्हे. पाळ्या किती लागतात, ह्या प्रश्नाला ८ हें उत्तर चुकीचें आहे. आपण लोकांस काय कबूल केलें होतें, ह्या प्रश्नाला ८ हेंच उत्तर खरें आहे. प्रश्न दोन होते आणि आंकडा एकच वापरला जात होता, हा खरा दोष. दोन कोष्टकें केल्यानें तो गेला.

नव्यांच्या बाबतींत मात्र हेच कारागीर हयगय करीत नाहींत. त्याच २०२२ सालापासून नवी एक्सएफएस डिस्क मांडणाऱ्या साधनानें नियम कडक केला: ३०० मेगाबाइटांहून लहान डिस्क मांडावयाची नाहीं, आणि कीर्द ६४ मेगाबाइटांहून लहान बांधावयाची नाहीं. परंतु हा नियम मांडणीच्या वेळचा. त्यापूर्वीं मांडलेल्या लहान डिस्का, त्या वेळच्या नियमांत बसत होत्या म्हणून, आजही उघडतात. पुढें घडणाऱ्यास शिस्त, मागें घडलेल्यास अभय. शाळेंत अभ्यासक्रम बदलला म्हणून आधीं उत्तीर्ण झालेल्याची पदवी कोणी काढून घेत नाहीं. पण पुढच्या वर्षाच्या मुलास नवाच धडा द्यावा लागतो.

सुधारक आणि सनातनी ह्यांच्या वादांत आम्हांस नेहमीं असें दिसतें, कीं एक पक्ष रोजच्या कामाचेंच कोष्टक पाहतो आणि दुसरा छायेचेंच. पहिल्यास वाटतें कीं जुनें माप खोटें ठरलें म्हणजे त्यावर दिलेलें वचनही खोटें ठरलें. दुसऱ्यास वाटतें कीं वचन पाळावयाचें म्हणजे त्या मापानेंच धान्य मोजीत राहावयाचें. जुन्या मापाचा मान राखणें म्हणजे तें वापरणें नव्हे, आणि नवें माप वापरणें म्हणजे जुन्यास घराबाहेर काढणें नव्हे. ज्याला ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवतां आल्या, त्यानें सुधारणा केली असें म्हणावें. बाकीच्यांनीं केवळ चूक एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत नेऊन ठेवली.